लाईट कुणाच्या मालकीची?

मानवतचे एक जुने वाचक आहेत. शिक्षक होते, आता रिटायर आहेत. पोरगा मुंबईत परळला भाड्यानं राहतो. महिनाभर त्याच्याकडं राहून आले आणि येताना त्याच्या लाईटबिलाचा फोटो काढून आणला. मला दाखवून म्हणाले, "भाऊ, ही काय भानगड आहे? बस चालवणारे लोक लाईटचं बिल पाठवायलेत!" बिलावर नाव होतं बेस्टचं.

हसू आलं, पण प्रश्न साधा नाही. परळच्या खोलीतली वीज मुंबई महापालिकेच्या मालकीची. आपल्या मानवतच्या, परभणीच्या, सेलूच्या घरातली वीज नगरपालिकेची नाही, महापालिकेचीही नाही. असं का झालं? दोन-तीन संध्याकाळी यावरच बसलो होतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. मुंबईत पहिली ट्राम धावली ९ मे १८७४ ला, आणि ती घोडे ओढायचे. पुढं १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. तिच्या इंग्रजी नावातल्या पहिल्या अक्षरांचंच झालं बेस्ट. कंपनी खाजगी, भांडवल विलायती. वाडीबंदरला तिनं वीजघर उभं केलं, ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. ट्रामला वीज लागायची म्हणून वीजघर, आणि वीजघर आहेच तर शहरालाही वीज विकू, असा तो धंदा. १५ जुलै १९२६ ला बस आली. म्हणजे आमच्या गुरुजींना जी भानगड वाटली ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. बस आणि बिल एकाच घरातली भावंडं आहेत. कंपनीनं पुढं स्वतः वीज बनवणं सोडलं आणि टाटांची वीज घेऊन वाटायला लागली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. घाटावरचं पाणी खाली सोडायचं आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही त्यांची करामत.

आता खरी गोष्ट. ७ ऑगस्ट १९४७ ला मुंबई महापालिकेनं ही कंपनी विकत घेतली. देश स्वतंत्र व्हायला आठ दिवस बाकी होते. ट्रामचे रूळ, बसगाड्या, तारा, मीटर, सगळं शहराचं झालं. आजही ७ ऑगस्टला 'बेस्ट दिन' असतो.

आणि त्या दिवशी आपण कुठं होतो? निजामाच्या राज्यात. १५ ऑगस्टला दिल्लीत झेंडा लागला तेव्हा परभणीत तो लावणं गुन्हा होता. आपल्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिकडं एक शहर आपली वीज कंपनी विकत घेत होतं, इकडं आपले लोक रझाकारांपासून जीव वाचवत सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दल बोलताना लोक सिंचन आणि रस्ते मोजतात. हा तेरा महिन्यांचा आणि त्याआधीच्या दोनशे वर्षांचा हिशेब कुठल्याच समितीच्या तक्त्यात नीट बसत नाही.

पण सगळं खापर निजामावर फोडून मोकळं होता येत नाही. कायद्यात एक गंमत आहे आणि ती फार लोकांना माहीत नाही.

१९१० चा भारतीय विद्युत कायदा इंग्रजांचा. खाजगी कंपनीला एखाद्या गावात वीज वाटायचा परवाना दिला, तर तो कायमचा नसायचा. मुदत संपली की ती कंपनी विकत घ्यायचा पहिला हक्क त्या गावच्या स्थानिक संस्थेचा, म्हणजे नगरपालिकेचा. मुदत जास्तीत जास्त पन्नास वर्षं. इंग्रजाच्या मनात लोकशाहीचं प्रेम उतू चाललं होतं असं नाही. विलायतेत त्या काळी बऱ्याच शहरांची वीज, गॅस, पाणी नगरपालिकांच्याच हातात होतं, तोच नमुना त्यांनी इथं लावला. रस्ता नगरपालिकेचा, खांब त्या रस्त्यात रोवायचा, तर शेवटी धंदाही तिच्याकडं यावा, इतका साधा विचार.

मग १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला आणि राज्या-राज्यात वीज मंडळं निघाली. त्यामागचा विचारही चूक नव्हता. एकेका गावात डिझेलचं इंजिन लावून वीज बनवायची तर ती महाग पडणार, आणि शेतापर्यंत कधीच जाणार नाही. मोठी केंद्रं बांधा, उच्चदाबाच्या तारा ओढा, सगळं राज्य एका जाळ्यात आणा. ते जाळं आलं नसतं तर आपल्या विहिरींवर मोटारी बसल्या नसत्या, हे मान्य करावंच लागतं. पण १९५९ साली जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवाना संपलेली कंपनी घ्यायचा पहिला हक्क वीज मंडळाला मिळाला. नगरपालिका रांगेत मागं गेली. मुंबईनं आपलं काम बारा वर्षं आधीच उरकून घेतलं होतं.

आपण १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. तोवर दार लागलेलं होतं. परभणीच्या नगरपालिकेनं ठरवलं असतं तरी (आणि ठरवलं असतं असं मला वाटत नाही, आपल्या नगरपालिकेला आपण ओळखतो) मुंबईसारखं करणं सोपं राहिलं नव्हतं.

आता याची दुसरी बाजू बघा, कारण मला ती जास्त बोचते. वीज आपल्या उंबऱ्यात तयार होत होती. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण झालं, १९६८ साली. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण २२.५ मेगावॅट. शेजारी बीड जिल्ह्यात परळीला १९७१ पासून कोळशावरची वीज निघायला लागली. परळीच्या त्या राक्षसाला पाणी कुठलं? आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्याचं, गोदावरीचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी संपलं आणि परळीचे संच बंद पडले, त्या बातम्या मी स्वतः केल्यात. बंधाऱ्याच्या तळाला भेगाळलेला गाळ होता आणि त्याच गाळाकाठच्या गावांत रात्री अंधार. पाणी आपलं, जमीन आपली, धूर परळीकरांचा आणि वीज ग्रीडची. ग्रीडला गाव नसतं.

लोडशेडिंगच्या काळात मी नवा नवा पत्रकार होतो. डिप्लोमा करून आलो होतो, कॉम्प्युटरवर बातमी टाईप करायची आणि सेव्ह करायच्या आत लाईट जायची. तेव्हा आमच्या गावाकडच्या शिवारातली डीपी जळाली. ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळेला. पंधरा-सोळा जणांनी वर्गणी केली, ट्रॅक्टर आणला, डीपी खाली उतरवून नेली. ती दुरुस्त होऊन यायला एकोणीस दिवस लागले. माझ्या वडलांनी त्या एकोणीस दिवसांत किती चकरा मारल्या ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी साहेब वेगळे, उत्तर एकच: वरून यायचंय. वडील एकदा मला म्हणाले, "हे वर म्हणजे कुठं रे? मी तिथंच जातो."

आज मला ते वर कुठंय ते माहीत आहे. ६ जून २००५ ला विद्युत मंडळाचे तुकडे झाले. वीज बनवायला महानिर्मिती, वाहून न्यायला महापारेषण, घरोघरी वाटायला महावितरण. परभणी मंडळ नांदेड परिमंडळात, नांदेड छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली, आणि त्याच्याही वर वांद्र्याचं प्रकाशगड. आता यातली मजा ऐका. प्रकाशगड ज्या वांद्र्यात आहे, तिथल्या घरांना लाईटबिल महावितरणचं येत नाही. ते उपनगर खाजगी कंपन्यांचं. मुंबईत महावितरण आहे ते भांडुप-मुलुंडकडं. आपल्या विजेचा कारभार जिथून चालतो त्या गल्लीत वीज दुसऱ्याची!

परळच्या पोराचं तसं नाही. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत दहा लाखांहून जास्त ग्राहक बेस्टचे. बेस्टला स्वतःची समिती असते, तिच्यात नगरसेवक असतात. बजेट तिथं मांडलं जातं, मग महापालिकेत जातं. वॉर्डातली केबल जळाली, रस्त्यावरचे दिवे बंद पडले, तर ज्याला मत दिलं त्याची कॉलर धरता येते. धरली जाते का हा वेगळा प्रश्न. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडं गेला, तेव्हा ती समितीही उरली नाही. मालकी शहराची आणि विचारायला शहराचा माणूस नाही, असं तिथंही झालं.

बेस्टचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. बरीच वर्षं विजेच्या कमाईवर बसचा तोटा भरून निघाला. म्हणजे ज्याच्या घरात एसी, त्याच्या बिलातून कामगाराचं तिकीट स्वस्त. मला हे आवडतं, खरं सांगतो. पण वीजग्राहकांनी बसचा तोटा का भरावा यावर भांडणं आयोगापर्यंत आणि कोर्टापर्यंत गेली, ती वाट बंद झाली आणि बसचा तोटा वाढत गेला. ९ जुलै २०१९ ला कमीत कमी तिकीट पाच रुपयांवर आणलं, ९ मे २०२५ ला ते दहा झालं. स्वतःच्या मालकीच्या गाड्या काहीशेवर आल्यात, बाकी कंत्राटदाराच्या. शहरानं कमावलेली वस्तू शहराच्या हातून कशी निसटते ते बघायचं तर मुंबईच बघावी लागेल.

देशात मुंबई एकटी नाही. केरळात त्रिशूरला आजही महापालिकेचा स्वतःचा वीज विभाग आहे. तिथं १९३६ साली कोचीन संस्थानानं वीज खाजगी कंपनीला द्यायचं ठरवलं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. विजेसाठी आंदोलन आपणही करतो, पण ते लाईट गेल्यावर. ती कुणाच्या हातात द्यायची यासाठी आंदोलन, तेही १९३६ मध्ये, संस्थानात!

आणि आपल्या जवळचं एक उदाहरण, ते कटू आहे. १९६९ साली नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था निघाली. देशात तेव्हा प्रयोग म्हणून अशा पाच संस्था काढल्या होत्या: आपली मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडीनार, बेळगावकडं हुक्केरी, तिकडं लखनौ आणि आंध्रात सिरसिल्ला. ग्राहकच सभासद, सभासदच मालक. साखर कारखान्याचं डोकं विजेला लावलं. चाळीस वर्षं चाललं. शेवटी मंडळाकडून घेतलेल्या विजेची थकबाकी हजार कोटींच्या पुढं गेली, परवाना वाढवून मिळाला नाही आणि २०११ च्या सुरुवातीला सगळं महावितरणकडं आलं. पण सिरसिल्ला आणि हुक्केरी चालू आहेत. सिरसिल्ला तर एके काळी आपल्याच निजामाच्या मुलखातलं गाव, विणकरांचं. त्यामुळं 'आपल्या लोकांना जमतच नाही' हे वाक्य मला कुणी ऐकवू नये. एका ठिकाणी बुडालं, दुसऱ्या ठिकाणी टिकलं. का, यावर कधीतरी तिथं जाऊन लिहायचंय.

गुरुजींना मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे परभणी महापालिकेनं लाईट घ्यावी म्हणता?" मी म्हटलं, नाही हो. २०११ ला महापालिका झाली आपली. राहटीचं झालं, येलदरीचं झालं, दोन-दोन ठिकाणचं पाणी, तरी नळ किती दिवसांआड येतो ते शहरातल्या कुठल्याही बाईला विचारा. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' उगीच म्हणत नाहीत. त्यात मीटरही यांच्याकडं दिले तर काय होईल, कल्पना करवत नाही.

मग ते म्हणाले, "तर मग आम्ही विचारायचं कुणाला?" हा प्रश्न मात्र खरा. मालकी नसली तरी काही दोऱ्या आपल्या हातात आहेत, त्या सांगतो. २००३ च्या कायद्याप्रमाणं पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी लाईट कापता येत नाही. तक्रार १९१२ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या, तो नसेल तर पुढं काहीच होत नाही. तिथं दाद नाही लागली तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. ठरलेल्या वेळेत काम झालं नाही तर भरपाईची तरतूद आहे. आणि दर वाढवायचे असतील तर वीज नियामक आयोगापुढं सुनावणी होते, मराठवाड्याची संभाजीनगरला. तिथं वकील लागत नाही, कुणीही हरकत लिहून देऊ शकतो, उभं राहून बोलू शकतो. पुढच्या सुनावणीला मी गुरुजींना घेऊन जाणार आहे. त्यांनी वहीच घातलीय, लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली याची, मार्चपासून.

एक काम तुम्हाला. परभणी, सेलू, गंगाखेड, पूर्णा, तुमच्या गावात पहिला दिवा कधी लागला, कुणाच्या घरी लागला, आधी कुणाचं इंजिन होतं का, हे सांगू शकणारी म्हातारी माणसं आता थोडी राहिलीत. घरात असतील तर विचारून घ्या. जुन्या ट्रंकेत एखादी उर्दूतली वीजबिलाची पावती सापडली तर फेकू नका, फोटो मला पाठवा. वाचून घेऊ कुणाकडून तरी.