शिजवण्याआधीची मूठ

मिझोरममधल्या घरात चुलीवर आधण चढलं, की घरची बाई डब्यातून तांदूळ मापून घेते. माणसं किती, भूक कशी, याचा अंदाज तिच्या हाताला असतोच. तांदूळ धुण्याआधी त्याच मापातली एक मूठ ती उचलते आणि शेजारच्या वेगळ्या डब्यात टाकते. उरलेला शिजायला जातो. सकाळी एकदा, संध्याकाळी पुन्हा. आठवडा भरला की मंडळीतल्या बायका दारोदार फिरून हे डबे रिकामे करून नेतात. जाड, बारीक, जुना, नवा, सगळा तांदूळ एकाच पोत्यात पडतो, विकला जातो आणि पैसे चर्चच्या कामाला लागतात. या रीतीला मिझो लोक ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. ती सुरू होऊन शंभरहून अधिक वर्षं झाली.

मूठ बाजूला काढली जाते ती जेवणं होऊन उरलेल्या तांदळातून नव्हे, घरच्यांच्या वाटणीतूनच, आणि तीही शिजवण्याआधी. सगळं मोठेपण या क्रमात आहे. देवानं आपल्या पदरात टाकलेलं आपलं किती आणि दुसऱ्याचं किती, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात पहिल्या शतकापासून आहे. त्यावर ग्रंथ लिहिले गेले, पंथ फुटले, मठ उभे राहिले. मिझो बायकांनी तो स्वयंपाकघरात सोडवला.

या टेकड्यांमध्ये ख्रिस्ती धर्म तसा उशिरा पोचला. जे. एच. लोरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन मिशनरी जानेवारी १८९४ मध्ये सैरांगला उतरले. मिझो भाषेला त्यांनी रोमन लिपी बसवली. १८९७ साली वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आयझॉलला आले. खुमा आणि खारा या पहिल्या दोघांचा बाप्तिस्मा १८९९ मध्ये झाला. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या टेकड्यांमध्ये मिळून ४५ ख्रिस्ती मोजले गेले. एखाद्या लग्नाच्या पंगतीला यापेक्षा जास्त माणसं असतात.

मग १९०६ साल उजाडलं. वेल्समधल्या धार्मिक जागृतीचं लोण खासी टेकड्यांमध्ये आलं होतं. ते पाहायला मिझो प्रतिनिधी पायी मैरांगला गेले. ते परतल्यावर आयझॉलच्या मंडळीत तीच लाट उठली. माणसं ढसाढसा रडू लागली, पापं कबूल करू लागली, तासन् तास प्रार्थनेत बसू लागली. देवानं आपल्याला स्पर्श केला, असं प्रत्येकाला स्वतःपुरतं जाणवत होतं. अशा अनुभवाचा एक धोका असतो. माणूस स्वतःच्या आनंदात इतका रमतो की शेजाऱ्याची भूक त्याला दिसेनाशी होते. मिझो ख्रिस्ती समाज तिथे अडकला नाही. हे त्याचं मोठं कर्तृत्व आहे.

पहिली परीक्षा ‘बोई’ प्रथेची होती. दुष्काळात, कर्जात किंवा भांडणात सापडलेली माणसं सरदाराच्या आश्रयाला जात. तिथे अन्न मिळे, पण सुटका हवी असेल तर ४० रुपये भरावे लागत. ज्याच्या हाती रोकड कधी पडतच नाही, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे जन्मठेपच. १९०८ मध्ये आलेले वेल्श डॉक्टर पीटर फ्रेझर यांनी याला सरळ गुलामगिरी म्हटलं. माउबुआंगचा सरदार ख्वाव्हेल्थांगा नवा ख्रिस्ती झाला होता. फ्रेझरशी बोलल्यावर त्यानं आपले बोई मुक्त केले. आपली ऐपत आणि गावातला मान याच माणसांच्या जोरावर उभा आहे, हे त्याला ठाऊक होतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र ही लुडबूड खपली नाही. प्रथा म्हणजे गरिबांचा आधारच आहे, असं त्यांचं म्हणणं. फ्रेझरना अखेर टेकड्या सोडाव्या लागल्या. श्रद्धा गाण्यापुरती ठेवली तर कोणाची हरकत नसते. ती मालकीला हात घालू लागली की अडचण होते, हे त्या वेळी उघड झालं.

मुठीची रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली, ती याच दिवसांत. खासी मंडळ्यांमध्ये ती आधीपासून होती. मिझो घरात पैसा नव्हताच. उतारावरचं जंगल तोडायचं, जाळायचं, राखेत भात पेरायचा आणि वर्षभर तोच पुरवायचा, असा संसार. दान नाण्यांत मागितलं असतं तर बहुतेक घरं मान खाली घालून गप्प बसली असती. तांदळाची मूठ मात्र प्रत्येक घर देऊ शकत होतं. ती देणारी बाईच होती, कारण माप तिच्या हातात. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारक स्त्री-पुरुषांचा निर्वाह या तांदळावर चालू लागला. काही ठिकाणी बायका जंगलातून आणलेल्या मोळीतलं एखादं लाकूडही मंडळीसाठी वेगळं ठेवू लागल्या.

रीत रुजते न रुजते तोच १९११-१२ चा ‘माउताम’ आला. या टेकड्यांवरचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याच्या बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि बिया संपल्या की शेतातल्या भातावर तुटून पडतात. रात्रीतून उभं पीक नाहीसं होतं. लोक रानातले कंद उकरून खात. सरकारनं मैदानातून तांदूळ आणून उसना दिला. मुठीची रीत समृद्धीतून आली, असं म्हणणाऱ्यानं हे वर्ष विसरू नये. एका दाण्याची किंमत काय असते, हे या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. दुष्काळानंतरच्या दहा वर्षांत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे अडीच हजारांवरून सत्तावीस हजारांवर गेली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गरीब मुलांची वसतिगृहं चालवण्यासाठी त्यांनी मुष्टिफंडाची योजना राबवली. घरोघरच्या बाया रोजच्या धान्यातून मूठभर काढून ठेवत आणि त्यावर सातारच्या पोरांची शिक्षणं झाली. त्या बायांनी धर्मासाठी दिलं की शाळेसाठी, याचा हिशेब बहुधा केला नसावा. एक फरक मात्र जाणवतो. मिझो मूठ मंडळीच्या शिस्तीत बांधली गेली, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या टिकली.

खरी कसोटी साठच्या दशकात लागली. १९५९ मध्ये बांबू पुन्हा फुलला, दुष्काळ पडला, दिल्लीकडून आणि शिलाँगमधल्या तेव्हाच्या आसाम सरकारकडून मदत अपुरी आली. दुष्काळग्रस्तांसाठी निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. मार्च १९६६ मध्ये बंड झालं आणि भारतीय हवाई दलानं आयझॉलवर बॉम्ब टाकले. त्यानंतर लष्करानं गावं उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत कोंबली. शेतं सुटली, कणग्या जळाल्या. १९६८ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना जावं लागलं. अशा वेळी बाहेरच्या पैशावर जगणारी मंडळी कोसळली असती. मिझो मंडळ्यांचा कारभार तेव्हापर्यंत मिझो माणसांच्या देणग्यांवर चालत होता. त्यांनी पाळक पोसले, आणि पुढे भारताच्या इतर राज्यांत स्वतःचे मिशनरी पाठवले. ज्या टेकड्यांवर मिशन आलं, त्याच टेकड्यांनी मिशन चालवावं, हा प्रवास पाऊण शतकाचा होता. आज या मुठीची वर्षाची बेरीज कोट्यवधी रुपयांत जाते.

या अभिमानाच्या कहाणीत एक गोष्ट खुपते आणि ती सांगितली पाहिजे. ज्या हातांनी ही मूठ उचलली, ते हात वेदीपर्यंत पोचले नाहीत. सगळ्या विसाव्या शतकात मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन सिनडनं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेनं, एकाही स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली नाही. ‘कोह्रान ह्मेइच्छिया’ ही मंडळीतली स्त्रियांची संघटना तांदूळ गोळा करते, आजाऱ्यांकडे जाते, मृताच्या घरी राबते आणि निधी उभा करते. त्या निधीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेत मात्र बहुतेक पुरुषच बसत आले. धर्मशास्त्र शिकलेल्या मिझो स्त्रियांनी हा प्रश्न सभांमधून आणि लेखांमधून उघडपणे मांडला आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे: घराघरातून देणं वसूल करताना बाईला जबाबदार धरलं जातं, तर मग निर्णय घेतानाही धरा.