तांडेलाचा अनुभव आणि सरकारचा परवाना

भंडारी समाजाचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी प्रथम माडाकडे वळते. माहीम, दादर, प्रभादेवी या पट्ट्यातील वाड्या, माडी काढण्याचा परंपरागत व्यवसाय, १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर ओढवलेले संकट आणि त्यानंतर आपल्या पूर्वजांनी धरलेली गिरण्यांची व कचेऱ्यांची वाट, ही हकीकत ज्ञातिबांधवांस परिचित आहे. परंतु समाजाचा एक पाय वाडीत असला तरी दुसरा पाण्यात होता. प्रभादेवीच्या जत्रेस पौष पौर्णिमेला जमणाऱ्या कुटुंबांत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडून आलेली कितीतरी घरे अशी आहेत, की ज्यांचा आजा किंवा पणजा आगबोटीवर खलाशी होता. या दर्यावर्दी विद्येचे पुढे काय झाले आणि ती सरकारी परवान्याच्या चौकटीत कशी आली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ मायनाक भंडारी यांच्यापासून करणे उचित होय. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईकर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजासह आपले आरमार धाडून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे उंच, जड आणि वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या. वारा पडला की जहाज जागच्या जागी खिळे आणि होड्या रात्रीच्या अंधारात खडकांमधून वाट काढून दाणागोटा व चुना-दगड पोहोचवून परत येत. ‘डव्ह’ नावाचे इंग्रजांचे एक गलबत तर मराठ्यांच्या हाती लागले. १६८० च्या आरंभी इंग्रजांस तेथून माघार घ्यावी लागली. या मायनाकांची परीक्षा कोणत्या मंडळाने घेतली होती? खडक कोठे आहे, ओहोटीस किती पाणी उरते, वारा कोणत्या प्रहरी फिरतो, हे ज्याला ठाऊक तो तांडेल. याहून वेगळी सनद त्या काळी नव्हती.

हे ज्ञान अडाण्याचे होते असे मात्र कोणी समजू नये. त्यास नियम होते व ते तोंडपाठ करविले जात. भरतीची वेळ काढण्याचा एक साधा हिशेब आमच्या वडीलधाऱ्यांस येत असे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराच्या सुमारास. छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिले तर थोड्याफार मिनिटांचे अंतर पडते, पण होडी लोटणाऱ्याचे काम भागते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागे तेवढीच सरकते, हे त्यामागील शास्त्र. ज्याच्या घरी पंचांग आहे त्याने दादरच्या चौपाटीवर जाऊन पडताळा घ्यावा.

मग कागद कोठून आला? तो आला विलायतेहून, आणि तो आला याचे कारण तेथेही माणसे बुडत होती. अननुभवी व व्यसनी कप्तानांच्या हातून जहाजे फुटू लागली, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली दूरदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानास व मेटास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. नियम योग्यच होता. पण हिंदुस्थानात त्याचा परिणाम असा झाला, की जहाजावर दोन जाती निर्माण झाल्या. वरच्या पुलावर प्रमाणपत्रधारी गोरा अधिकारी आणि खाली डेकवर सारंग, तांडेल व खलाशी. कोकणच्या किनाऱ्यावरील हिंदू-मुसलमान खलाशांनी मोठमोठ्या विलायती कंपन्यांची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या चालविली; पगार युरोपीय खलाशाच्या मानाने फारच थोडा. सारंग हा हाताखालच्या माणसांचा मुकादम, भरतीदार आणि पालक. त्याच्या शब्दावर डेक हाले. पण तीस वर्षे समुद्रावर काढूनही तो मेट होऊ शकत नसे, कारण ती परीक्षा इंग्रजीत होती आणि त्या परीक्षेस बसण्याची वाट त्याच्या घरावरून जात नव्हती.

स्वदेशी जहाजे आली तरी ही स्थिती बदलली नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. मालक हिंदी, ध्वज अभिमानाचा, पण चालविणारे अधिकारी परकेच. कारण हिंदी माणसास ते शिक्षण देणारी संस्थाच देशात नव्हती. १९२२ साली सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न मांडला, त्यावर समिती नेमली गेली, आणि अखेर १९२७ च्या डिसेंबरात माझगावच्या समुद्रात नांगरलेल्या ‘डफरिन’ या जुन्या सरकारी जहाजावर हिंदी मुलांची शाळा भरू लागली. पहिल्या तुकडीतील रामदास कटारी हे १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले, यावरून त्या शाळेचे मोल कळते. १९७२ साली ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नेरूळ येथील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेत होऊ लागले.

माझगाव आणि प्रभादेवी यांत अंतर ते किती! तरीही त्या शाळेत आपल्या समाजाची मुले अभावानेच गेली असावीत, असे आम्हांस वाटते. इंग्रजीतील प्रवेशपरीक्षा आणि पालकांनी सोसावयाचा खर्च, ही कारणे उघड आहेत. पण तिसरे कारण आपल्यातच होते. समाजधुरीणांनी त्या काळी सारा भर शाळा, वसतिगृहे व कारकुनीच्या परीक्षांवर दिला आणि खलाशाचा धंदा हा मागे टाकावयाचा धंदा मानला. ज्या घरी समुद्र तीन पिढ्या होता, त्या घराने मुलाला कोर्टात लेखनिक केले. त्यांस आम्ही दोष देत नाही. बापाचा पगार आणि बापाची अनुपस्थिती ज्याने पाहिली, त्याला दुसरे काय सुचणार?

केवळ प्रमाणपत्राने समुद्र वश होतो असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गिरणगावातील चाळीचाळींत त्या दिवशी रडणे होते. ज्यांना वाचविता आले त्यांतील पुष्कळांस वाचविले ते रेवसच्या कोळी बांधवांनी, आपले मचवे पुढे घालून. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे पोहून किनारा गाठलेल्यांच्या तोंडूनच मुंबईस बातमी कळली. बोटीवर किती माणसे घ्यावी, संकटाची वर्दी कशी द्यावी, जीवरक्षक साधने किती असावी, हे नियम अशा मरणांतून शिकले जातात. आणि शिकलेले विसरलेही जातात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे चाललेल्या ‘नीलकमल’ बोटीस नौदलाच्या एका वेगवान नौकेची धडक बसून १५ जण दगावले, तेव्हा कोठे प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे, हा आग्रह पुन्हा सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर वाट पुष्कळ रुंद झाली. १९४८ साली मुंबईत परीक्षार्थी अधिकाऱ्यांसाठी सरकारी महाविद्यालय निघाले. लालबहादूर शास्त्री यांचे नाव धारण करणारी ही संस्था परळ ओलांडून शिवडीकडे गेले की हे बंदर रस्त्यावर आहे. १९४९ साली जहाजवाहतूक महासंचालनालय स्थापन झाले. १९५८ च्या व्यापारी जहाजवाहतूक कायद्याची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते: शिडाच्या गलबताचा जो प्रमुख, त्यास त्या इंग्रजी कायद्याने ‘तांडेल’ हेच नाव दिले होते. १९१७ च्या अंतर्गत जलवाहतूक कायद्याखालील परवान्यांतही ‘सारंग’ हा दर्जा होता. ज्यांस पुलावर जागा नव्हती त्यांचे शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले! हे दोन्ही कायदे जुने झाले. १९१७ च्या जागी २०२१ चा कायदा आला आणि १९५८ च्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला.

आजचे शिक्षण १९७८ च्या एका आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले आहे. कोणत्याही देशाचा खलाशी असो, जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी त्याला पाण्यात जीव वाचविणे, आग विझविणे, प्रथमोपचार व वैयक्तिक सुरक्षितता हे विषय शिकावेच लागतात. जाकीट घालून उंचावरून तलावात उडी मारणे, उलटा पडलेला रबरी तराफा पाण्यात राहून सुलटा करणे, धुराने भरलेल्या खोलीतून चाचपडत बाहेर पडणे, ही त्यातील प्रात्यक्षिके. दहावी झालेल्या मुलास सहा महिन्यांच्या शिक्षणानंतर खलाशी म्हणून जाता येते. अधिकारी व्हावयाचे तर बारावीस विज्ञान, भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, एक वर्षाची पदविका, नंतर अठरा महिने जहाजावर उमेदवारी, आणि त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा. पुढे फर्स्ट मेट, मग मास्टर. मुलींसही ही वाट खुली आहे. कॅप्टन राधिका मेनन यांनी वादळात सापडलेल्या मच्छीमारांस वाचविले, त्याबद्दल त्यांस २०१६ साली आंतरराष्ट्रीय शौर्यपदक मिळाले.

हौसेने नाव चालविणाऱ्यांची कथा निराळी. मुंबईत १८४६ पासून यॉट क्लब आहे, पण दीर्घकाळ तो साहेबलोकांचाच खेळ होता. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा हे वेड मराठी घरांपर्यंत पोहोचले. गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. यांत्रिक नौका हाकण्याचे व बुडणाऱ्यास वाचविण्याचे शिक्षण तेथे मिळते. किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्या चालविणाऱ्या आपल्या कोकणातील तरुणांनी ते घ्यावे.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. जहाजावर नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेणारे आणि मुलास परक्या बंदरात बेवारशी सोडणारे दलाल मुंबईत आहेत. दागिने गहाण टाकून पैसे भरलेली घरे आमच्या ऐकिवात आहेत. खलाशी भरणाऱ्या संस्थेस महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेण्यास कायद्याची मनाई आहे. परवानाधारकांची व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांची यादी सरकारने प्रसिद्ध केलेली असते. ती पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. आणि त्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा दिवा असतो व उजव्या अंगास हिरवा. या दोन रंगांतील भेद ज्यास ओळखता येत नाही, त्यास डेकवरील कामासाठी घेत नाहीत, मग त्याचा आजा सारंग असो वा तांडेल.