काडतूस बदललं, भरवसा नाही

वर्गात ‘काडतूस’ शब्द आला की मुलं म्हणतात, “सर, हे तर उर्दूतलं कारतूस!” शब्द युरोपातून आला, पण आपल्याकडे तो १८५७ शी कायमचा जोडला गेला. एन्फील्ड रायफलचं कागदी काडतूस दातांनी फाडावं लागे. त्याला गाय-डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र उठले.

१८६६ मध्ये इंग्रजांनी हीच एकबारी रायफल बदलली. नळीचा मागचा भाग कापून तिथे जेकब स्नायडरची बिजागरीची झडप बसवली. पितळी काडतूस मागून सरकवायचं. दात लावायची गरजच उरली नाही. पुढे त्याच काडतुसाला लांब आणि तोंडाशी निमुळतं करून मार्टिनी-हेन्री रायफलचं काडतूस झालं. पण नवी मार्टिनी आधी गोऱ्यांना. हिंदी शिपायाच्या वाट्याला त्यांची मागे पडलेली स्नायडर. उठावानंतरचा अविश्वास तो हाच.

१८५८ मध्ये बहादूरशाह जफर यांना रंगूनला धाडलं, १८८६ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आमच्या रत्नागिरीला. दोघेही परक्या मातीतच गेले. मधल्या काळात बंदूक बदलली, काडतूस लांबलं. राज्यकर्त्यांची रीत मात्र तीच राहिली.