नौकानियमन, नागपूर जिल्ह्यातील

नागपूर जिल्ह्यातील नद्या व तलावांवर चालणाऱ्या, काठाला बांधलेल्या आणि टाकून दिलेल्या नावांवरील स्थानिक नियंत्रण. लहान नावेला इकडे डोंगा म्हणतात. तो प्रामुख्याने ढिवर व भोई समाजांकडे असतो.

घाटाचा कायदा : मध्य प्रांताला लागू असलेल्या 1878 च्या ‘नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट’ने उताराचे घाट सरकारी देखरेखीखाली आणले. घाटाचा कर वसूल करण्याचा ठेका लिलावाने दिला जाई. सार्वजनिक घाटापासून दोन मैलांच्या आत खासगी उतार चालवायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागे. दराचा तक्ता ठेकेदाराने उतारूंना दिसेल असा घाटाजवळ लावायचा असे. ठेकेदाराने ठेका सोडला वा तो रद्द झाला, तर नावा साहित्यासह ताब्यात घेता येत. त्याबद्दल भरपाई द्यावी लागे. घाटाला इजा होईल अशी नाव हाकारणे, नांगरणे किंवा बांधणे हा गुन्हा होता आणि चौकशी होईपर्यंत ती नाव अडकवून ठेवता येई. बांधलेल्या नावेची दखल या कायद्यात घाटाच्या रक्षणापुरतीच घेतलेली दिसते.

पंचायती : 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते व पुलांबरोबर नावेचे उतार आणि जलमार्ग हेही विषय आहेत. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार बिनइंजिनाच्या नावांसंबंधीची कामे राज्य सरकारला जिल्हा, तालुका व गाव पातळीवरील संस्थांकडे सोपवता येतात. डोंग्यांच्या दृष्टीने या कायद्यातील ही सर्वांत महत्त्वाची तरतूद होय.

तलाव : शहरात अंबाझरी (बांधणी 1870), फुटाळा व गांधीसागर हे तलाव आहेत. शहराबाहेरील वेणा जलाशयात 9 जुलै 2017 रोजी मासेमारीची नाव उलटून सहलीला आलेले तरुण बुडाले. मासेमारीची नाव प्रवासी नाव म्हणून वापरली जावी का, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

आंभोरा : कुही तालुक्यातील पाच नद्यांचे संगमस्थान. इथे भंडारा जिल्ह्याच्या काठावर जायला डोंगा हाच जवळचा मार्ग होता. 2024 मध्ये पूल खुला झाल्यावर ती गरज उरली नाही.

टाकून दिलेल्या नावा : 2021 च्या कायद्यात बुडित नौकांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गावपातळीवर मात्र आधी मालक ठाऊक असावा लागतो. दोर सुटून वाहत आलेला किंवा काठावर कुजत पडलेला डोंगा कोणाचा, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत असेल, तरच तो हलवण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकता येते.