बागलाणांतील फडपद्धति

रुद्रकवीच्या ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्या’मुळें (शके १५१८, इ. स. १५९६) मयूरगिरि ऊर्फ मुल्हेर येथील बागुल राजे संशोधकांस परिचित आहेत. त्याच मुलखांतून वाहणाऱ्या मोसम नदीच्या बंधाऱ्यांवर शेतकऱ्यांनीं चालविलेली फडपद्धति तितकीच अभ्यासार्ह आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडीत. एका फडांत एकच पीक, आणि बहुधा प्रत्येक खातेदाराची जमीन प्रत्येक फडांत. त्यामुळें पाणी तोकडें पडून एखादा फड पडीत राहिला तरी तूट सर्वांच्या वांट्यास येई. पाणी पाटकऱ्यानें द्यावें, पीक जागल्यानें राखावें, पाट सर्वांनीं मिळून उपसावा, असा नेम असे. इ. स. १८१८ त मुल्हेर इंग्रजांच्या हातीं गेलें. पाण्याची पाळी मात्र शेतकरीच ठरवीत राहिले. सबब संग्राहकांनीं सनदांइतक्याच आस्थेनें पाणीवांटपाचे कागदही जपावे.