सनद आणि बाजारपेठ

पेशवाईंत वकील म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें काळा डगला उभा राहत नसे. वकील म्हणजे परदरबारीं राहून आपल्या धन्याचें हित पाहणारा मुत्सद्दी. निजामाच्या दरबारीं असलेले गोविंदराव काळे हे अशा वकिलांपैकीं. वतनाचा किंवा वांटणीचा तंटा पंचायतीपुढें गेला, तर वादी व प्रतिवादी बहुधा स्वतःच उभे राहून आपली कैफियत सांगत. पैसा घेऊन दुसऱ्याचा तंटा भांडणें हा स्वतंत्र धंदा तेव्हां बनलेला नव्हता. तो इंग्रजी अदालतींबरोबर आला, आणि आला त्या दिवसापासून एक प्रश्न त्याच्या पाठीस लागला: वकिली ही विश्वासानें दिलेली सनद, कीं बाजारांत मांडलेला माल?

पहिलें उत्तर सनदेच्या बाजूचें होतें. बंगालमध्यें १७९३ च्या रेग्युलेशनानें वकिलांची नेमणूक सदर दिवाणी अदालतीकडे दिली. फी दाव्याच्या रकमेवरून सरकारनें ठरविलेली असे, आणि धंदा हिंदु व मुसलमान यांनाच मोकळा होता. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या एल्फिन्स्टनी कायदेसंग्रहानें वकिलांच्या सनदांचे नियम घालून दिले. १८४६ च्या पहिल्या कायद्यानें मात्र हें चित्र पालटलें. कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या लायक मनुष्यास वकिली खुली झाली, आणि फी किती हें अशिलानें व वकिलानें आपसांत ठरवावें अशी मुभा मिळाली. समतेचें दार व सौद्याचें दार एकाच कायद्यानें उघडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१४ ऑगस्ट १८६२ रोजीं मुंबईचें हायकोर्ट सुरू झालें. त्याच्या मूळ शाखेंत श्रमविभाग कडक असे. अशील सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागद तयार करून बॅरिस्टराच्या हातीं देई, आणि बॅरिस्टर कोर्टांत बोले. म्हणजे एका कज्जास दोन माणसांची फी. देशी वकिलाचें कार्यक्षेत्र अपील शाखेपुरतें होतें. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं तेथेंच आपल्या धर्मशास्त्राच्या व्यासंगानें नांव मिळविलें. काशीनाथ त्रिंबक तेलंग विलायतेस न जातां १८७२ मध्यें अॅडव्होकेटची परीक्षा उतरले, मूळ शाखेंत शिरले आणि १८८९ मध्यें त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले.

धंदा खुला झाला, तरी वकिलानें गिऱ्हाईक बोलावूं नये हा विलायती दंडक राहिला. पण जेथें उघड पुकारा करण्यास मनाई असते, तेथें दलालाचें फावतें. खेड्यांतून आलेल्या पक्षकारास कोर्टाच्या आवारांत गांठून ठराविक वकिलाकडे नेणारा व फींतून आपला वांटा उचलणारा हा इसम इतका बोकाळला कीं, १८७९ च्या कायद्यांत पुढें दुरुस्ती करून न्यायालयांना दलालांच्या याद्या लावण्याचा अधिकार द्यावा लागला. बाजारास पुढचें दार बंद होतें, तो मागच्या दारानें आंत आला. स्वतंत्र भारतांतही दंडक सैल झाला नाहीं. दाव्यांत मिळणाऱ्या रकमेंत हिस्सा ठरविणें हें वकिलाचें गैरवर्तन होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५४ मध्यें ठरविलें, आणि बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमानें जाहिरात निषिद्ध केली.

१९६१ च्या कायद्यानें साऱ्या वकीलवर्गाची एक जात केली, व १९७६ च्या दुरुस्तीनें मूळ शाखेंतील दुहेरी व्यवस्थाही कायद्यांतून गेली. मुंबईंत सॉलिसिटरांची परीक्षा व पेढ्या मात्र टिकून आहेत. १९९१ नंतर परदेशी भांडवल आलें, आणि त्याच्या आगेमागे परदेशी वकिली पेढ्यांनीं संपर्क-कचेऱ्या थाटल्या. त्यांना मिळालेली परवानगी मुंबई हायकोर्टानें २००९ मध्यें बेकायदा ठरविली. करारपत्र लिहिणें व सल्ला देणें हीही वकिलीच, तिला येथील सनद हवी, असें त्यानें सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें हें तत्त्व मान्य केलें, मात्र सल्ल्यासाठीं क्वचित् येऊन जाण्यास मोकळीक ठेविली. २०२३ मध्यें बार कौन्सिलनें परस्परतेच्या अटीवर, परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्यापुरतें, दार किलकिलें केलें.

इकडे २००८ मध्यें वकिलांस संकेतस्थळावर नांव, पत्ता, शिक्षण व कामाचें क्षेत्र देण्याची मुभा मिळाली होती. पण वकिलांची नांवें मांडून गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध मद्रास हायकोर्टानें जुलै २०२४ मध्यें कडक आदेश दिले. त्याच्या आधीं, १४ मे २०२४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें मूळ प्रश्नाचें उत्तर दिलें होतें: वकिली हा व्यापार नव्हे, म्हणून वकिलाविरुद्ध ग्राहक-न्यायालयांत फिर्याद चालणार नाहीं. अशिलास बार कौन्सिलकडे किंवा साध्या न्यायालयांत दाद मागतां येते.

या उत्तरानें वकिलांचा मान वाढला, तसें त्यांचें ऋणही वाढलें. ग्राहकास फसवणुकीविरुद्ध जें स्वस्त संरक्षण मिळतें, तें अशिलास नाकारलें, तर तितकें संरक्षण सनदेच्या शिस्तीनें दिलें पाहिजे. १९८७ च्या कायद्यानें गरिबास मोफत वकील देण्याची सोय केली आहे. परंतु ज्याला फुकट मिळत नाहीं आणि महाग परवडत नाहीं, असा मधला पक्षकार दाव्यास एकंदर खर्च किती, हें पहिल्या दिवशीं विचारतो. त्याला सरळ उत्तर देण्यास जाहिरातीची मनाई आड येत नाहीं, आणि तें उत्तर मिळालें तर दलालाकडे जाण्याचें त्याला कारणही उरत नाहीं.