क्षमता चाचणी (परिचर्या)
क्षमता चाचणी ही युनायटेड किंग्डमबाहेर शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना तेथील नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा आहे. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल या नियामक संस्थेने ती २०१४ मध्ये सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. संगणकावरील पहिल्या भागात औषधमात्रेची गणिते व परिचर्येचे ज्ञान तपासले जाते. तो भारतातूनही देता येतो. ‘ऑस्की’ हा प्रात्यक्षिकाचा दुसरा भाग मात्र युनायटेड किंग्डममध्येच होतो. त्यात रुग्णाचे मूल्यमापन, परिचर्येचे नियोजन, औषध देणे इत्यादी कौशल्ये पाहिली जातात. इंग्रजीचे प्रावीण्य स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

ऑस्की उत्तीर्ण होऊन नोंदणी होईपर्यंत, मायदेशातील अनुभव कितीही असला तरी, नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे अनेक जणी तोवर सहायक पदावर काम करतात. एका अर्जावर मिळणाऱ्या संधी मर्यादित असतात.